सुगंधी तेल काढण्याच्या पद्धती : कोणत्या पिकाला कोणती भट्टी ?

पालघर जिल्ह्यात सुगंधी वनस्पती नवीन नाहीत. गवती चहाचे ठोंब घराघराच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले दिसतात. वेणी-गजऱ्यात पाच आणि मरवा लागतोच. जव्हार, विक्रमगड, मोखाडा या तालुक्यांत मोगऱ्याची लागवड वाढली असून तेथील कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात. अशा पिकांपासून तेल काढून विकावे, म्हणजे नाशवंत मालाचे टिकाऊ मालात रूपांतर होईल, असा विचार अनेक शेतकऱ्यांच्या मनात येतो. विचार योग्य आहे. मात्र भट्टी विकणारे सांगतात त्याप्रमाणे एकच यंत्र गवतालाही चालते, मुळालाही चालते आणि फुलालाही चालते, हे खरे नाही. गवती चहासाठी उत्तम ठरलेली भट्टी मोगऱ्यासाठी निरुपयोगी ठरते, आणि भट्टीवर खर्च झालेले पैसे परत येत नाहीत. म्हणून यंत्राची चौकशी करण्यापूर्वी पद्धतींमधील फरक समजून घ्यावा.

तेल वाफेबरोबर का येते ?

सुगंधी तेल हे शेंगदाणा किंवा तिळाच्या तेलासारखे नसते. ते उडून जाणारे असते; कागदावर थेंब टाकला तर काही वेळाने डाग राहत नाही. वनस्पतीच्या पानात, सालीत, मुळात किंवा पाकळीत अगदी बारीक कोशांमध्ये ते साठलेले असते. गवती चहाच्या तेलातील मुख्य घटक सायट्रल. तो एकटा तापवला तर सुमारे २२९ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि तेवढ्या उष्णतेत त्याचा नाश होऊ लागतो. पण पाण्याच्या वाफेची सोबत मिळाली की दोघांचा दाब एकत्र होतो आणि मिश्रण १०० अंशांच्या किंचित खालीच वर येते. ही वाफ थंड केली की पाणी व तेल वेगळे होतात. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. याच तत्त्वाचे तीन प्रकार प्रचारात आहेत.

पाण्यात उकळणे

हा सर्वांत जुना प्रकार. हंड्यात पाणी व पाला एकत्र घालून खाली जाळ करावयाचा. आपल्या राज्यात याचे जुने उदाहरण खानदेशातील रोशा तेलाचे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील डोंगराळ भागात रोशा गवताचे तेल मोठ्या प्रमाणावर काढले जाई. ते मुंबई बंदरातून तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरेनियम तेल असे नाव पडले होते. माल खानदेशचा आणि नाव तुर्कस्तानचे! या भट्ट्या ओढ्याकाठी मांडत. लोखंडी हंडा, लाकडी झाकण, बांबूची नळी आणि तेल धरण्याचे भांडे वाहत्या पाण्यात ठेवलेले, एवढीच सामग्री. भट्टी ओढ्याकाठी का, याचे उत्तर पुढे पाण्याच्या हिशोबात येईल.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे पाणी आटले की तळाचे गवत करपते आणि जळका वास तेलात उतरतो. तो वास नंतर काढता येत नाही. पाण्यात दीर्घकाळ उकळल्यामुळे तेलातील काही नाजूक घटक फुटतात, वेळ अधिक लागतो व सरपणही अधिक लागते. असे असले तरी काही मालाला हीच पद्धत लागते. गुलाबाच्या पाकळ्या नुसत्या वाफेत ठेवल्या की त्यांचा लगदा होतो व वाफ आत शिरत नाही. पाण्यात त्या मोकळ्या तरंगतात. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या देग-भपक्यात आजही याच पद्धतीने गुलाब व केवडा काढतात. गवतासाठी मात्र ही पद्धत वापरू नये.

जाळीवरची भट्टी

यात टाकीच्या तळाशी पाणी असते, त्यावर काही अंतरावर छिद्रांची जाळी व जाळीवर पाला. पाला पाण्याला लागत नाही, फक्त वाफेत राहतो. त्यामुळे करपण्याची भीती बरीच कमी होते. वेगळा बॉयलर लागत नाही, दाब जवळजवळ नसतो, आणि गावातला माणूस थोड्या सरावाने ही भट्टी चालवू शकतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, शेतावर बसवण्याजोग्या अशा सुधारित भट्ट्या तयार केल्या आहेत. ही संस्था सहभागी असलेल्या ॲरोमा मिशनमधून २०१७ पासून देशभर त्यांचा प्रसारही झाला आहे. गवती चहा, जावा सिट्रोनेला व रोशा यांच्या लहान क्षेत्रासाठी ही भट्टी सर्वांत सोयीची आहे. उणीव एवढीच की वाफेचा वेग जाळावर अवलंबून असतो. सुरुवातीला जाळ मंद राहिला तर खालचा पाला भिजून बसतो आणि उतारा कमी येतो.

स्वतंत्र बॉयलरची भट्टी

येथे वाफ बाहेरच्या बॉयलरमध्ये तयार होऊन नळीने टाकीच्या तळाशी येते. वाफ हवी तेवढी सोडता येते, वेळ वाचतो, तेल स्वच्छ येते. मुळे, साल, वाळलेली पाने अशा कठीण मालासाठी हीच पद्धत योग्य. मात्र भरणी नीट केली नाही तर वाफ पाल्यातून एखादी सोपी वाट काढते व सरळ वर निघून जाते. बाजूचा पाला तसाच राहतो. म्हणून टाकी भरताना पाला थराथराने टाकून पायांनी सारखा दाबावा, विशेषतः कडेने. गठ्ठे तसेच टाकू नयेत. खाली केल्यावर पाल्याचा एखादा भाग हिरवागार दिसला तर वाफेने तेथे वाट चुकवली असे समजावे.

बॉयलर घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. २५ लिटरपेक्षा मोठा व एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा अधिक दाबावर चालणारा बॉयलर कायद्याच्या कक्षेत येतो. त्याची नोंदणी व तपासणी करून घ्यावी लागते. वेल्डरकडून बनवून घेतलेली दाबाची टाकी म्हणजे शेतात ठेवलेला सुतळी बॉम्बच. सुरक्षा झडप नसलेल्या टाकीजवळ उभे राहू नये.

पिकाप्रमाणे फरक

गवती चहाची पहिली कापणी लागणीनंतर साधारण चार महिन्यांनी व पुढील कापण्या दोन ते तीन महिन्यांच्या अंतराने येतात. एकदा लावलेले पीक चार-पाच वर्षे टिकते. वरकस जमिनीवर ते येते आणि मोकाट गुरे त्याला तोंड लावत नाहीत, हा आपल्याकडे मोठाच फायदा आहे. कापलेला पाला लगेच भट्टीत न घालता सावलीत एक दिवस सुकू द्यावा. पाणी कमी झाल्याने टाकीत जास्त पाला मावतो व सरपण वाचते. ताज्या पाल्यातून सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.५ टक्के तेल मिळते. पावसाळ्यात हे प्रमाण घटते, आणि ओला पाला ढिगात ठेवल्यास तापून आंबतो. आपल्याकडच्या पावसात जून ते सप्टेंबर हा काळ भट्टीच्या दृष्टीने कमकुवतच धरावा. केरळातील ओडक्कली केंद्राची सुगंधी, म्हणजे ओडी-१९, आणि सीमॅपची कृष्णा या जाती तेलासाठी निवडलेल्या आहेत. परसातील चहाचा ठोंब तेलासाठी लावू नये. तो चहातच बरा.

रोशा गवताचे तेल मुख्यतः फुलोऱ्यात असते. म्हणून फुलोरा पूर्ण येऊन बी धरू लागले की कापणी करावी. या गवताचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार असून किंमत मोतियाच्या तेलाला आहे. रोशाच्या तेलातील जिरॅनिऑल थोडे पाण्यात विरघळते. त्यामुळे तेल काढून घेतल्यावर उरलेले सुवासिक पाणी फेकू नये. जाळीच्या भट्टीत तेच पाणी पुढच्या भरणीला वापरावे.

वाळ्याची गोष्ट वेगळी. किनाऱ्याकडील रेताड जमिनीत त्याची मुळे चांगली पोसतात व खणणे सोपे जाते. मुळे १५ ते १८ महिन्यांनी खणतात. धुऊन, बारीक तुकडे करून, रात्रभर भिजवून मग भट्टीत घालावीत. गवताचे तेल दोन-तीन तासांत निघते, वाळ्याला मात्र १५ ते २० तास सतत वाफ द्यावी लागते. घाईने भट्टी उतरवली तर शेवटी येणारा जड व मौल्यवान भाग मुळातच राहतो. शिवाय वाळ्याच्या तेलाचे वजन जवळपास पाण्याइतकेच असल्याने ते लवकर वर तरंगत नाही. गवताच्या मानाने ठेवलेले लहान भांडे येथे कामाचे नाही. भांडे मोठे हवे आणि बाहेर येणारे पाणी थोडे कोमट ठेवावे, म्हणजे तेल लवकर सुटते.

पाच ही सावलीत येणारी वनस्पती. नारळ-सुपारीच्या बागेत तिला जागा आहे. तिची पाने ताजी घालू नयेत. सावलीत तीन-चार दिवस उलटसुलट करून वाळवावीत, कारण वाळताना पानातील कोश मोकळे होतात. वाळलेल्या पानाला स्वतंत्र बॉयलरची वाफ सहा ते आठ तास लागते व उतारा साधारण दोन ते तीन टक्के येतो. सूत्रकृमीचा उपद्रव या पिकाला फार, म्हणून रोपे निरोगी रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाची दालचिनीची कोकण तेज ही जात ज्यांच्या बागेत आहे, त्यांना साल काढल्यावर उरणाऱ्या पानांचे तेल काढता येईल. या तेलात युजेनॉल असते व ते पाण्याहून जड असते. म्हणजे तेल भांड्याच्या तळाशी बसते आणि पाणी वर राहते. गवतासाठी केलेल्या भांड्याची पाणी जाण्याची नळी तळातून निघते. त्यात दालचिनीचे तेल धरले तर तेलच नळीतून नाल्यात जाईल. दोन्ही पिके घेणाऱ्यांनी दोन वेगळी भांडी करून घ्यावीत.

मोगऱ्याचे काय ?

पालघर जिल्ह्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. हंगामात आवक वाढली, दर पडला की उरलेल्या कळ्या भट्टीत घालाव्यात असे वाटते. स्पष्ट सांगावयाचे तर मोगरा वाफेच्या कोणत्याही भट्टीत घालू नये. त्याच्या सुवासातील घटक उष्णतेने बिघडतात, काही पाण्यात विरघळून जातात. हाती जे थोडे येते त्याला शिजलेल्या भाजीसारखा वास असतो.

दुसरी अडचण अशी की बाजाराला हवी असलेली घट्ट कळी सुवासाच्या दृष्टीने अपुरी असते. मोगऱ्याचा सुगंध कळी उमलताना, रात्री तयार होतो आणि फूल खुडल्यानंतरही कित्येक तास तयार होत राहतो. यावरच पूर्वीच्या फ्रान्समधील चरबीची पद्धत उभी होती. काचेवर शुद्ध चरबीचा थर देऊन त्यावर रोज ताजी फुले पसरत, शिळी उचलत. आठवड्यांमागून आठवडे असे केल्यावर चरबी सुवासाने भरून जाई. मजुरीच्या खर्चामुळे ती पद्धत जवळजवळ बंद पडली. आपल्या देशात हेच काम तिळाने केले जाई. धुऊन पूर्ण वाळवलेल्या तिळांच्या थरांमध्ये उमललेली फुले पसरावयाची, दुसऱ्या दिवशी ती चाळून काढून नवीन फुले घालावयाची, आणि पुरेसा वास मुरल्यावर तीळ घाण्यात गाळावयाचे. त्यातून अत्तर मिळत नाही, सुवासिक केशतेल मिळते. दर पडलेल्या दिवसांतील फुलांसाठी महिला बचत गटांनी हा प्रयोग थोड्या प्रमाणात करून पाहण्यासारखा आहे. मात्र फुलांच्या ओलाव्याने तिळाला बुरशी येते, त्यामुळे प्रत्येक वेळी तीळ वाऱ्यावर सुकवून घ्यावेत.

मोगरा-जाईचे व्यापारी उत्पादन आज द्रावक पद्धतीने होते. तामिळनाडूत असे कारखाने आहेत. फुले हेक्झेन या द्रावकात बुडवतात, द्रावक उडवून परत मिळवतात व मागे मेणासारखा पदार्थ उरतो. त्यातील मेण अल्कोहोलने वेगळे केले की खरा अर्क मिळतो. एक हजार किलो फुलांपासून जातीनुसार अवघा दीड ते तीन किलो मेणासारखा पदार्थ मिळतो. म्हणजे कारखान्याला रोज, हंगामभर, टनावारी फुले हवीत आणि ती बाजारापेक्षा कमी दरात हवीत. दादरची बाजारपेठ दारात असलेल्या शेतकऱ्याला हा सौदा बहुधा परवडणार नाही.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत द्रावके वापरणारे कारखाने आहेत, तेथे कामाला जाणारी आपलीच मुले आहेत, तेव्हा थोडे हेक्झेन आणून घरी करून पाहू, असा विचार कोणाच्या मनात येत असल्यास तो सोडून द्यावा. हेक्झेनची वाफ शून्याखाली वीस अंशांनाही ठिणगीने पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि लांबच्या चुलीपर्यंत पोहोचते. श्वासातून ती नसांवर परिणाम करते. शिवाय अर्कात द्रावकाचा अंश राहिल्यास माल नाकारला जातो. हे काम परवाना असलेल्या कारखान्याचेच आहे.

कार्बन डायऑक्साईड वायूवर प्रचंड दाब देऊन त्याने अर्क काढण्याची आणखी एक पद्धत आहे. हा वायू ३१ अंश तापमान व सुमारे ७४ बार दाबाच्या पुढे द्रवासारखा विरघळवणारा होतो आणि दाब काढला की उडून जातो, मागे काही राहत नाही. अर्क उत्तम मिळतो, पण यंत्र फारच महाग. आपल्या दृष्टीने माहिती असावी एवढेच तिचे महत्त्व.

पाणी, सरपण व क्षेत्राचा हिशोब

भट्टीचे खरे भांडवल कंडेन्सरला लागणारे गार पाणी हे आहे. एक किलो वाफेचे पाणी होऊन ते गार होताना सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. थंड करणारे पाणी २५ अंशांनी तापू दिले तर प्रत्येक किलो वाफेमागे २४ लिटर पाणी लागते. ५०० किलो पाल्याच्या भट्टीत तासाला ५० किलो वाफ धरली तर तासाला १,२०० लिटर, आणि तीन तासांच्या एका भरणीला ३,६०० लिटर पाणी झाले. वाळ्याची २० तासांची भरणी याच वाफेवर २४,००० लिटर मागेल. जव्हार-मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यांत विहिरींची काय स्थिती असते, हे सांगावयास नको. म्हणून मोठी टाकी बांधून तेच पाणी निववून पुन्हा वापरण्याची सोय असेल तरच उन्हाळी कापणीचा विचार करावा. सरपणासाठी मात्र जंगलाकडे पाहण्याची गरज नाही. तेल काढलेला पाला दोन दिवस उन्हात वाळवला की तोच पुढच्या भरणीला जळण म्हणून चालतो.

आता क्षेत्र पाहू. एका कापणीला हेक्टरी ७ टन पाला धरला तर ५०० किलोच्या १४ भरण्या होतात. भरणे, चालवणे, रिकामे करणे धरून दिवसाला तीन भरण्या निघतात, म्हणजे एक हेक्टर पाच दिवसांत संपतो. पुढची कापणी अडीच-तीन महिन्यांनी. एक एकरवाल्याची भट्टी तीन महिन्यांत दोन दिवस चालेल व बाकी दिवस गंजेल. अशी भट्टी ८ ते १० हेक्टर लागण असलेल्या गटाने घ्यावी व कापणीच्या तारखा आधी वाटून घ्याव्यात. एकट्याने घेऊन इतरांना भाड्याने देणेही चालते, पण शेजाऱ्याने लागण केल्याशिवाय भाडे कोठून येणार, हे आधी पाहावे.

धातू, साठवण व विक्री

लोखंडी टाकीने तेलाचा रंग बिघडतो. युजेनॉल असलेले दालचिनीचे तेल तर लोखंडाच्या संपर्काने काळपट जांभळे होते. टाकी शक्यतो व कंडेन्सर अवश्य स्टेनलेस स्टीलचे असावे. खाजणालगतच्या गावांत विहिरीचे पाणी मचूळ असते. त्यातील मिठाने ३०४ प्रतीच्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. तेथे साठवलेले पावसाचे पाणी किंवा ३१६ प्रतीचा कंडेन्सर वापरावा.

औद्योगिक वसाहतीच्या आसपास भंगारात पिंपे व टाक्या स्वस्त मिळतात. त्यांत आधी काय होते ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. धुतलेल्या पिंपातूनही वाफेबरोबर जुना अंश तेलात उतरतो आणि तपासणीत सापडतो. तापवताना पिंप फुटण्याचा धोका वेगळाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा क्रमांक सर्वांत वर होता. तेव्हा वसाहतीलगतच्या नाल्याचे पाणी भट्टीत, बॉयलरमध्ये किंवा पाला धुण्यास घेऊ नये.

तेल वेगळे केल्यावर त्यातील पाण्याचा अंश काढण्यासाठी एक रात्र स्थिर ठेवावे, वरचे तेल कापडातून गाळावे व अॅल्युमिनियमच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून अंधारात ठेवावे. प्लास्टिकचा कॅन वापरू नये. गवती चहाच्या तेलातील सायट्रल हवा व उजेडाने कमी होत जाते आणि खरेदीदार दर सायट्रलच्या टक्क्यावर ठरवतो. प्रत्येक कापणीचे तेल वेगळे ठेवून त्यावर कापणीची तारीख लिहावी, निरनिराळ्या पिकांचे तेल एकत्र करू नये. नमुन्याची तपासणी सीमॅपकडे किंवा कनौजच्या सुगंध व स्वाद विकास केंद्राकडे करून घेता येते. लागणीपूर्वीच्या सल्ल्यासाठी पालघरचे कृषि संशोधन केंद्र व डहाणू तालुक्यातील कोसबाडचे कृषि विज्ञान केंद्र जवळ आहेत. तेथे जाताना विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते याचा आकडा सोबत न्यावा, पहिला प्रश्न तोच विचारला जाण्यासारखा आहे.